पुसणे

मराठीतल्या ‘पुसणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आपण पाटी पुसतो, डोळे पुसतो, यादीतले एखादे नाव पुसून टाकतो. आणि आपण वाट पुसतो, क्षेमकुशल पुसतो, आजाऱ्याला ‘बरे आहे का’ म्हणून पुसतो. हा दुसरा अर्थ शहरी बोलण्यातून मागे पडत चालला आहे. तिकडे माणसे ‘विचारतात’. आमच्या वऱ्हाडात अजून ‘पुसतात’. मी राहतो त्या गावाचे नाव पुसद, आणि गावाला लागून वाहणाऱ्या नदीचे नाव पूस. या नावांचे मूळ त्या क्रियापदात शोधण्याचा उद्योग मी करणार नाही. पण गेले सव्वा वर्ष हा शब्द माझ्या मागे लागला आहे, आणि तो का लागला हे सांगितल्यावाचून माझी त्याच्यापासून सुटका होईल असे दिसत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावातल्या एका लहानशा संस्थेचा चिटणीस झालो. शेतकरी कुटुंबांतल्या मुलामुलींची फी भरणे आणि त्यांना वह्या-पुस्तके देणे, एवढेच तिचे काम. मदत मागणाऱ्याने एक अर्ज भरायचा असतो, आणि त्यात ‘मदतीची गरज का निर्माण झाली?’ असा एक रकाना असतो. यवतमाळ जिल्ह्यात तो रकाना कसल्या मजकुराने भरत असेल हे वाचकांना सांगायला नको. कापूस, कर्ज, दगा दिलेला पावसाळा, आणि मग एके सकाळी घरातला कर्ता माणूस नाही. त्या रकान्यात बायामाणसे जे लिहितात ते त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेले नसते. लेकराच्या फीसाठी ते त्या परक्याला सांगतात.

गेल्या वर्षी जून महिन्यात अशाच एक बाई संस्थेत आल्या. त्यांची मुलगी आमच्या मदतीने बारावी होऊन परिचारिकेच्या शिक्षणाला लागली होती. बाई म्हणाल्या, “गुरुजी, पोरीचं आता मार्गी लागलं. मी तो अर्ज देल्ला होता ना, तो पुसून टाका जी. कागद तं तुम्ही वापस देल्ला, पण कम्प्युटरात आहे म्हणते. पोरीच्या नजरेस नको पडाले.”

मागणी रास्त होती. मी त्यांच्यादेखत संगणक उघडला, त्यांचा अर्ज शोधला आणि पुसण्याची कळ दाबली. ‘खरोखर पुसायचे का?’ असे यंत्राने मला एकदा पुसले. मी होय म्हटले. नाव यादीतून नाहीसे झाले.

“पुसलं?” बाईंनी विचारले.

“पुसलं,” मी म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि त्या गेल्या.

मी त्यांना जे सांगितले ते खरे नव्हते. हे मला कळले तेव्हा पोळा होऊन गेला होता.

पोळ्यानंतर आमचा संगणक अडून बसला. जागा संपत आल्याची सूचना तो वरचेवर देऊ लागला. हा संगणक एकट्या आमच्या संस्थेचा नाही. गावातल्या चार लहान संस्थांनी वर्गणी काढून तो घेतला आहे, आणि त्या एका यंत्राच्या पोटात चार यंत्रे चालतात. हे एखाद्या पुराणातल्या चमत्कारासारखे वाटेल, पण कल्पना तशी जुनी आहे. एकच महागडा संगणक अनेकांना आपापला वाटावा म्हणून आयबीएम कंपनीच्या माणसांनी अमेरिकेतल्या केंब्रिज येथे गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात ती अजमावून पाहिली, आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या नावाने लोकांपुढे आणली. आज मोठमोठे कारभार याच रीतीने चालतात. या व्यवस्थेत खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या भासमान यंत्राला पाहुणा म्हणतात. ही नावे मी ठेवलेली नाहीत. इंग्रजीतही नेमके हेच शब्द आहेत. ज्याने कोणी ते योजले त्याला आपण केवढ्या मोठ्या धर्मप्रश्नाला हात घालतो आहोत याची कल्पना होती की नाही कोण जाणे!

यजमान पाहुण्याला सांगतो, ‘ही दोनशे गिगाबाइटची कोठी तुझी.’ प्रत्यक्षात तो तेवढी जागा बाजूला काढून ठेवत नाही. पाहुणा जसजसे सामान आणील तसतशी तो कोठीची भिंत मागे सरकवत जातो. आमच्या यजमानाकडे सगळी मिळून ४८० गिगाबाइट जागा, आणि चार पाहुण्यांना दिलेला शब्द मात्र ८०० गिगाबाइटचा. सगळे काही एकदम पानावर बसणार नाहीत, या भरवशावर घातलेली ही पंगत. लग्नघरात असे अंदाज नेहमीच चालतात, आणि बहुधा निभावतात.

मला यातले फारसे कळत नाही. माझा भाचा पुण्याला याच कामात आहे. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, “मामा, आधी पाहुण्याच्या कोठीत शिरा आणि त्याला विचारा, तुझे सामान किती?” मी पाहिले. सामान ५८ गिगाबाइट होते. “आता बाहेर या आणि यजमानाला विचारा, या पाहुण्याने तुझी किती जागा धरली आहे?” मी पाहिले. १५० गिगाबाइट.

“मग मधले ९२ कुठे गेले?”

“कुठेच गेले नाहीत. पाहुण्याच्या मते ती जागा रिकामी आहे, यजमानाच्या मते भरलेली आहे.”

त्याने समजावून सांगितले ते असे. पाहुणा एखादी गोष्ट पुसतो तेव्हा तो ती जाळत नाही की फेकत नाही. तो फक्त आपल्या यादीतले तिचे नाव खोडतो आणि तिचा कप्पा मोकळा झाल्याची खूण स्वतःच्या वहीत करतो. जिन्नस होता तिथेच पडून राहतो. पुढे कधी त्या कप्प्यात नवा जिन्नस ठेवला गेला तरच जुना मोडतो. पुष्कळदा नवा जिन्नस दुसऱ्याच कप्प्यात जातो, म्हणून कोठी वाढतच राहते. यजमानाला यातले काही कळत नाही. पाहुण्याची वही त्याला वाचता येत नाही, आणि पाहुण्याची वही यजमानाने वाचावी हे शोभतही नाही. एकदा भरलेला कप्पा त्याच्या लेखी कायमचा भरलेला.

मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि मग त्याला बाईंच्या अर्जाबद्दल विचारले. तोही थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बहुधा तिथेच असेल, मामा.”

खेड्यात वाढलेल्या माणसाला या प्रकारात नवे काही नाही. जमिनीचा व्यवहार झाला, पैसे हातात पडले, विकणाऱ्याने मनातूनही शेत सोडले. पण फेरफाराची नोंद झाली नाही तोवर सातबाऱ्यावर त्याचेच नाव राहते, आणि दोन पिढ्यांनी नातवंडे त्या नावासाठी कोर्टात उभी राहतात. सोडणाराने सोडले होते हे खरेच असते. त्याने ते ज्याच्या वहीत जागा अडली होती त्याला सांगितले नव्हते, एवढेच.

याहून मोठा दाखला आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेला आहे. पवनारच्या आश्रमातून निघालेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन दिली, आणि भूदानाची गंगा सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत देशभर लाखो एकरांची दानपत्रे झाली. देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी खऱ्या उमाळ्याने दिले असेल. आपण तसेच मानावे. तरीही त्यातली पुष्कळ जमीन भूमिहीनाच्या हाती कधी पोचलीच नाही. कुठे मोजणी राहिली, कुठे नोंद राहिली, कुठे जमीन तंट्यातली निघाली. दात्याने सोडलेली आणि घेणाऱ्याला न मिळालेली ती जमीन तेवढे दिवस कोणाची होती? दाता म्हणेल माझी नाही. भूमिहीन म्हणेल माझी नाही. ती जागा भरलेलीही होती आणि रिकामीही, अगदी आमच्या ९२ गिगाबाइटांसारखी.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची चांगली जाण असावी. म्हणूनच नुसते ‘दिले’ असे मनात म्हणून दान होत नसे. साक्षीदारांसमोर हातावरून पाणी सोडावे लागे आणि ‘हे माझे नव्हे’ असे तोंडाने म्हणावे लागे. एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच विधीतून आला आहे. त्यागाची क्रिया मनात सुरू होते, पण ती मनात संपत नाही. दुसऱ्याला कळल्यावर संपते.

मला आमच्या गल्लीतला एक वाडा आठवतो. धाकटा भाऊ नोकरीला दूर गेला, तिकडेच स्थायिक झाला. “मला त्या घरातले काही नको,” असे तो प्रत्येक पत्रात लिही, आणि ते तो मनापासून लिही. पण जाताना त्याने आपल्या खोलीला लावलेले कुलूप तसेच राहिले आणि किल्ली त्याच्या बायकोच्या पेटीत राहिली. थोरल्याची सून बाळंत झाली तेव्हा तिची खाट ओसरीवर पडली. कुलूप तोडायला कुणी धजले नाही. किल्ली मागायला कुणाची जीभ उचलली नाही. धाकट्याला काही नको होते. थोरल्याला काही घ्यायचे नव्हते. आणि ती खोली वीस वर्षे अंधारात राहिली. लोभ आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्याची निंदा करतो. नको असलेली वस्तू सोडून दिल्याचे न कळवता धरून ठेवणे, हा लोभाचाच एक आळशी भाऊ आहे. तो निरुपद्रवी दिसतो, म्हणून सुटतो.

संगणकाच्या जगात पाणी सोडण्याचा हा विधी फार उशिरा आला. एखादा कप्पा मोकळा झाला हे खालच्या साठ्याला कळवण्यासाठी ‘ट्रिम’ नावाची आज्ञा योजली गेली, आणि २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ती घरोघरच्या संगणकांत पोचली. लिनक्समध्येही त्याच सुमारास तशी सोय झाली. आता पाहुणा यजमानाला सांगू शकतो की, ‘हे कप्पे मी सोडले’. यजमान ते आपल्या खालच्या डिस्कला सांगतो. आणि डिस्क ते कप्पे खरोखर मोकळे करते. मात्र या साखळीतल्या प्रत्येकाने निरोप पुढे दिला पाहिजे. मधला एक जण जरी मुका राहिला, तरी वरच्याने सोडलेले खालच्याला कळत नाही. आमच्या यंत्रात हा मधला दुवा मुका होता. तो बोलता करण्याची खूण मांडणीत असते. ती आम्ही कधी केलीच नव्हती.

भाच्याने ती खूण कशी करायची ते सांगितले होते. पण तो सुट्टीवर गेला, आणि मला धीर निघेना. एका जुन्या पुस्तिकेत मला दुसरा मार्ग सापडला: पाहुण्याच्या कोठीतली सारी रिकामी जागा शून्यांनी भरून काढावी, आणि मग यजमानाने शून्याचे कप्पे ओळखून कोठी आवळून घ्यावी. जुना मजकूर शून्याखाली गाडला जाईल, जागाही मिळेल. मला ते फार पटले. एका शनिवारी रात्री मी तो उद्योग आरंभला.

शून्यालाही जागा लागते, हे मी विसरलो होतो. पाहुणा शून्ये लिहू लागला तसा यजमान त्याला शब्द दिल्याप्रमाणे भिंत मागे सरकवत गेला; १५० वरून २०० कडे. यजमानाजवळ त्या दिवशी उरली होती अवघी ३५ गिगाबाइट जागा. मध्यरात्री ती संपली आणि चारही पाहुणे जागच्या जागी थबकले. माझ्या एकट्याच्या घाईने शेजारच्या तीन संस्थांचे काम बंद पडले. सोमवारी शाळांना फीच्या याद्या जायच्या होत्या. रविवारचा सारा दिवस मी, संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता आणि फोनवरचा भाचा, असे तिघे ते निस्तरत होतो. एका जुन्या पाहुण्याला बाहेरच्या डिस्कवर हलवले तेव्हा कुठे यजमानाला श्वास घेता आला.

मग भाच्याने सांगितलेलाच मार्ग धरला. कधीकाळी घेऊन ठेवलेला एक स्नॅपशॉटही काढावा लागला. स्नॅपशॉट म्हणजे कोठीचा एका दिवसाचा फोटो. पण हा फोटो असा विलक्षण की त्या दिवशी असलेली कुठलीच वस्तू तो हलू देत नाही. तो निघाला, मधला दुवा बोलता झाला, आणि सोडल्याचा निरोप खाली गेला. यजमानाने धरलेली जागा ६० गिगाबाइटवर आली.

पण त्याआधी मी एक गोष्ट केली होती, आणि ती सांगणे मला जड जाते. अर्ज खरोखरच तिथे आहे का, हे मला पाहायचे होते. ‘रिकाम्या’ जागेतही शोध घेता येतो. एखादा शब्द द्यावा, आणि तो कुठे पडला आहे ते यंत्र दाखवते. मी बाईंच्या खेड्याचे नाव दिले. काळ्या पडद्यावर, अर्थहीन अक्षरांच्या गर्दीत, एक अर्धे वाक्य वर आले. सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. एका माणसाच्या अखेरच्या सकाळविषयी त्याच्या बायकोने लिहिलेले अर्धे वाक्य. मला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे होते. तेवढ्यावर डोळे थांबले नाहीत. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. लिहिले, तर मग पुसण्याला अर्थ काय राहिला?

यजमानाची जागा मोकळी झाली, म्हणजे माझा शब्द खरा झाला का? नाही. कारण रोज रात्री आमच्या पाहुण्याचा बॅकअप होतो आणि तो दुसऱ्या एका घरातल्या डिस्कवर जाऊन बसतो. शेवटचे सात दिवस, चार आठवडे आणि बारा महिने यांच्या प्रती राहतील असा आमचा नियम. बॅकअप वस्तू पाहत नाही, कप्पे पाहतो. म्हणून पाहुण्याने सोडलेले पण यजमानाला न कळवलेले कप्पेही तो इमानाने उचलून नेतो. जूनपूर्वीच्या प्रतींत बाईंचा अर्ज धडधडीत होता, आणि जूननंतरच्या प्रतींत त्याचे अवशेष होते.

भाचा म्हणाला, “मामा, कोण बघणार आहे? वर्षभरात आपोआप जाईल.” कोण बघणार आहे, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते: मी बघितले होते. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तोच बघणारा निघाला, मग इतरांचे काय सांगावे?

एका मित्राने दुसरी वाट दाखवली. तो म्हणाला, “तुम्ही अजाणता बोललात. अजाणता बोललेले ते खोटे नव्हे.” जूनपुरते हे मला मान्य आहे. पण उच्चारलेला शब्द त्याच दिवशी संपत नाही. ऐकणारा त्याच्यावर विसंबून रोज झोपत असतो, तोवर तो शब्द रोज नव्याने बोलला जात असतो. सत्य कळल्यानंतरच्या पहिल्या रात्री मी गप्प राहिलो, त्या रात्रीपासून ते खोटे माझे झाले.

तिसरी वाट अशी की साऱ्या जुन्या प्रती एकदम नष्ट कराव्यात. मी जवळजवळ त्या वाटेला लागलो होतो. पण दोनच वर्षांपूर्वी आमची एक डिस्क अचानक मेली होती, आणि सगळ्या मुलांच्या नोंदी बॅकअपमधूनच परत आल्या होत्या. बॅकअपमधले एक पान फाडून काढता येत नाही. सारे एकाच गठ्ठ्यात बांधलेले असते. एका आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी इतर सगळ्या लेकरांचा आधार तोडायचा का? आमच्याकडच्या धरणांकडे पाहिले की मला याचे उत्तर अर्धे मिळते. पूस नदीवरच्या धरणात काय किंवा दुसऱ्या कुठल्या धरणात काय, वापरायच्या पाण्याखाली मृतसाठा म्हणून काही पाणी बांधतानाच धरलेले असते. गाळ येणार हे बांधणाऱ्याला माहीत असते. आणि तो गाळही नुसता कचरा नसतो. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा धरणातला गाळ काढून तो शेतात पसरण्याचेच ठरवले होते. तेव्हा साठ्यात काही काळ काही अडून राहणे हे पाप नव्हे. किती काळ, कशासाठी, आणि ज्याचे आहे त्याला ते ठाऊक आहे का, यावर त्याचे पापपुण्य ठरते.

कायदाही आता या बाबतीत बोलू लागला आहे. युरोपात २०१८ पासून, आणि आपल्याकडे २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मानला गेला आहे. हे चांगले झाले. पण पुसणे म्हणजे काय, हा प्रश्न कायद्याने विचारला तर कारकून ‘यादीत नाव नाही’ असे उत्तर देईल, आणि ते उत्तर खरे असूनही खोटे असेल. जूनमध्ये मी दिलेल्या उत्तरासारखे.

दिवाळीच्या आधी, धनत्रयोदशीला चार दिवस असताना, मी बाईंच्या गावी गेलो. अंगणात सोयाबीनची पोती रचलेली होती; मुलगी सुट्टीवर यायची होती, म्हणून घर सारवण्याची घाई चालली होती. मी ओसरीवर बसलो आणि सांगायचे ते सांगितले. यजमान-पाहुण्याची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजली. पुसले म्हणालो तेव्हा पुसले गेले नव्हते. संगणकातून आता गेले आहे. पण प्रती आहेत, आणि त्या पुढच्या पोळ्यापर्यंत राहतील, हे मी सांगितले. आणि मी ते अर्धे वाक्य वाचले, हेही सांगितले.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “तवर ते कोणापाशी राहीन?”

“माझ्यापाशी. कुलपात.”

“मंग राहू द्या जी. बाकीच्या लेकरांचं कायले मोडता?” आणि थोड्या वेळाने, पोतेरे पुन्हा हातात घेत त्या म्हणाल्या, “पोरीपासून लपवाचं नाही मले, गुरुजी. एक दिवस ते मले पुसनच. तिनं पुसलं तं मीच सांगीन. कागदानं नाही सांगावं.”

परतताना एसटीत मी त्या वाक्याचा विचार करत होतो. पुसणे हा एकच शब्द दोन्हीकडे होता. मी इतके दिवस मानत होतो की बाईंना ती गोष्ट नाहीशी करायची आहे, आणि माझे काम म्हणजे तिला नाहीशी करण्यात मदत करणे. त्यांना गोष्ट नाहीशी करायची नव्हती. ती कोणाच्या तोंडून आणि केव्हा सांगितली जावी, हा हक्क त्यांना परत हवा होता. तो हक्क मी नुसत्या कळीने परत करू शकत नव्हतो. मी एकतर्फी पुसत होतो. मला आधी पुसायला हवे होते. कशासाठी पुसायचे, कुठवर पुसायचे, आणि तोवर ते कोणापाशी राहिलेले चालेल.

यावरून आम्ही संस्थेत काही बदल केले. अर्जातला तो कारणाचा रकाना आता वेगळा ठेवतो. मदत मंजूर झाली की तो काढतो, आणि त्याच्या प्रती महिनाभरापलीकडे राहत नाहीत. बाकीच्या नोंदींना पूर्वीचाच नियम. अर्जाच्या तळाशी साध्या मराठीत लिहिले आहे की तुमची माहिती अमुक दिवशी आमच्या संगणकातून जाईल आणि तमुक दिवशी शेवटच्या प्रतीतून जाईल. काही सभासदांना हे वाक्य अनावश्यक वाटले. लोक घाबरतील, असे ते म्हणाले. आजवर कुणी घाबरलेले मी पाहिले नाही. एक-दोघांनी ती तारीख बोटाने दाखवून पुन्हा वाचून घेतली, इतकेच. आणि दर आठवड्याला आमचा पाहुणा आता न चुकता यजमानाला सांगतो की, आज एवढे मी सोडले.

यंदाच्या पोळ्याला बैल घरी परतल्यावर मी संस्थेत जाऊन बसलो. गेल्या वर्षीची शेवटची जुनी प्रत त्या रात्री यादीतून निघाली. एवढ्यावर उठायचे नाही, हे मी आता शिकलो आहे. आम्ही वापरतो त्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरची एक रीत अशी की प्रत यादीतून काढली तरी तिचे तुकडे लगेच जात नाहीत. दुसऱ्या कुठल्या प्रतीला त्यांची गरज आहे का हे तो आधी एकेक करून तपासतो, आणि ज्यांना कुणी वाली उरला नाही असे तुकडेसुद्धा शेवटच्या वापरानंतर निदान चोवीस तास आणि पाच मिनिटे जाऊ देऊनच काढतो. ही पाच मिनिटे हिशेबाच्या सोयीसाठी आहेत, हे मला माहीत आहे. तरी यंत्रातल्या कुणीतरी कुणासाठी सुतक पाळावे तसे मला ते वाटले.

तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल गल्लीतून फिरून गेले. त्यानंतरच्या सकाळी मी पुन्हा जाऊन सफाई चालवली. एवढे तुकडे काढले, एवढी जागा मोकळी झाली, असे लिहून आले. मी बाईंच्या खेड्याचे नाव पुन्हा एकदा शोधायला देणार होतो, खात्री करून घ्यायला. मग दिले नाही. ते काम मी त्या तरुण कार्यकर्त्याला सांगितले. त्याला वाक्य माहीत नव्हते, गावाचे नावही मी फक्त चिठ्ठीवर लिहून दिले. तो म्हणाला, “काही नाही सर.” चिठ्ठी मी परत घेतली.

बाईंना फोन लावला. पलीकडे मुलीचा आवाज आला; आई शेतात गेली होती. “काही निरोप आहे का, गुरुजी?” तिने विचारले.

“काम झालं म्हणावं,” मी म्हणालो.

“कोणतं काम?”

“आईला पूस,” मी म्हणालो.